फुलदाणीचं उत्खनन

५ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. चांगल्या शिक्षकाने आपल्या पद्धतीची नोंद ठेवलीच पाहिजे.

चौथीला अश्मयुग शिकवलं. मागच्या बाकांवर नुसता मासळीबाजार. दर दोन मिनिटांनी शंका काढणाऱ्या एका मुलीचं नाव मी 'प्रश्नचिन्ह' ठेवलं आहे. तिने विचारलं, सर, अश्मयुगात तुम्ही कितवीत होतात? उरलेला तास हसण्यात गेला. मुलांना विषयाची गोडी लागत आहे.

नंतर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. अठ्ठावीसला तपासणीला साहेब येणार. मुलांना इतिहासातलं काही सांगता आलं नाही, तर विषय खेळाच्या सरांकडे आणि मला 'हस्ताक्षर व स्वच्छता'. मी हसलो. त्या माणसाला शिट्टीपलीकडे काय येतं? घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. इतिहास काढून घेतला तर मी नेमका कशाचा शिक्षक?

७ ऑगस्ट, बुधवार
नवी अ‍ॅक्टिव्हिटी: राजदरबार. सगळ्यांना राजाच व्हायचं होतं, प्रजा व्हायला कोणी तयार नाही. शेवटी प्रजा मी झालो. सगळ्या राजांनी एकमताने मला हद्दपार केलं. व्हरांड्यात उभा होतो तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. अनुभवातून शिक्षण चालू आहे, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणाचं?

९ ऑगस्ट, शुक्रवार
अश्मयुग अजून चालू. डोकं दुखतंय.

१८ ऑगस्ट, रविवार
सुचलं. उत्खनन. मुलांनी मैदान खणायचं, पुरातन भांडी शोधून काढायची, तीही साहेबांच्या डोळ्यांदेखत. घरात पुरातन भांडं नाही, म्हणून शोकेसमधली फुलदाणी घेतली. ती सासूबाईंनी दिलेली, तेव्हा तशी जुनीच. बायको माहेरी आहे. फुलदाणी फडक्यात गुंडाळली, हातोडीने फोडली आणि संध्याकाळी मैदानात पुरून आलो. खूण: फुटबॉलच्या गोलाचा डावा खांब. खांबाइतकी पक्की खूण दुसरी नाही.

रंगीत तालीम घेणार नाही. तालमीत शोधाचा आनंद मरतो.

२७ ऑगस्ट, मंगळवार
बायको परत आली. आल्या आल्या शोकेस पुसायची तिला कोणी सांगितलं होतं? फुलदाणी शिक्षणाच्या कामी आली, असं मी म्हणालो. तिनेही विचारलं, कोणाच्या? या बायका आपसात बोलून ठेवतात की काय, कळत नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार, सकाळी
आज दाखवतोच.

संध्याकाळी
साहेब आले. मुलांच्या हातात खुरप्या दिल्या. डाव्या खांबाशी कोपरभर खणलं, काही नाही. उजव्या खांबाशी खणलं, तिथेही काही नाही. खेळाच्या सरांना बाजूला घेतलं, तर ते शांतपणे म्हणाले, गोलाचे खांब गेल्या आठवड्यात पलीकडे नेले, जुन्या जागी चिखल होत होता. हे मला सांगायला नको?

एव्हाना मुलं ऐकेनाशी झाली होती. इतका उत्साह मी वर्गात कधी पाहिला नाही. मैदानाची चाळण झाली. मग प्रश्नचिन्हाने हाक मारली की काहीतरी गोल लागलंय. ही भांड्याची कडा असणार, असं मी साहेबांना समजावून सांगितलं आणि मुलांना म्हणालो, ओढा. मुलांनी ओढलं.

तो शाळेचा पाण्याचा पाइप होता. साहेब नखशिखांत भिजले. नळ कोरडे पडल्यामुळे शाळा लवकर सोडावी लागली.

जाता जाता साहेबांनी प्रश्नचिन्हाला विचारलं, इतिहासात काय शिकलीस? ती म्हणाली, पूर्वी आपल्या शाळेत पाणी यायचं. माझ्या मते उत्तर बरोबर आहे. साहेबांनी ते लिहूनही घेतलं.

३० ऑगस्ट, शुक्रवार
इतिहास खेळाच्या सरांकडे. मला हस्ताक्षर व स्वच्छता, सुरुवात मैदानातल्या चिखलापासून. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. खांब कोणी हलवले? हे मी मोठ्या बाईंना विचारलं. त्या 'नाचता येईना' एवढंच म्हणाल्या आणि फाइल उघडली.

बघू. एक आठवडा. पोरं रडत माझ्याकडे येतील.

१० सप्टेंबर, मंगळवार
कोणी आलं नाही. लाजत असतील. म्हणून त्यांचे हाल बघायला आज मीच चौथीच्या खिडकीशी गेलो.

खेळाचे सर टेबलावर बसून किल्ल्याच्या वेढ्याची गोष्ट सांगत होते. आतलं धान्य संपलेलं, बाहेर शत्रू, निरोप घेऊन गेलेला माणूस परतलेला नाही. मुलं हनुवट्या तळहातावर ठेवून ऐकत होती. मागच्या बाकांवरचीसुद्धा. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. हाच धडा मी दरवर्षी शिकवत आलो आहे.

सर म्हणाले, वेढा चार महिने चालला. पुस्तकात पाच आहेत. मला राहवेना, खिडकीतूनच चूक सुधारली. प्रश्नचिन्हाने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, सर, बोलू नका ना, इतिहास चालू आहे.

किल्ला पडतो का वाचतो, ते ऐकून मगच निघालो.