बस आमच्या दारात थांबणार

२ ऑक्टोबर, सोमवार
"तू आलीस आणि घर भरलं." लग्न होऊन मी या घरात पाऊल टाकलं तेव्हा सासूबाई असं म्हणाल्या होत्या. बावीस वर्षं झाली. आज फोन ठेवल्यावर ते वाक्य आठवलं. नवऱ्याला, तादाओमीला, सांगितलं. त्याचं म्हणणं, तेव्हा मी अकरा खोकी घेऊन आले होते, आई त्यांच्याबद्दल बोलत होती. पुरुषांना बारकावे कळत नाहीत.

फोन हायासाका बाईंचा. त्या गाइड. दर शनिवारी आमचं डोंगरातलं गाव दाखवायला नागोयाहून एक बस घेऊन येतात. जेवण आणि चहा शेजारच्या किनुयोकाकूंकडे. काकूंचे गुडघे आता कुरकुरतात, म्हणून २८ तारखेला ट्रायल आमच्याकडे. पाहुण्यांना आवडलं तर बस कायमची आमच्या दारात.

दर शनिवारी अठरा माणसं! हे मी फक्त संस्कृतीसाठी करणार आहे. लेक मिओरी कॉलेजला गेल्यापासून घर खायला उठतं वगैरे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

उद्यापासून पाचला उठणे. चूल पेटवणे. सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, शेवया हाताने.

३ ऑक्टोबर, पहाटे ५.००
उठले.

३ ऑक्टोबर, सकाळी ९.२०
पुन्हा उठले. जुन्या काळी बायका पाचला उठायच्या कारण त्यांना झोप येत नसे. मला येते. हा तब्येतीचा भाग झाला.

५ ऑक्टोबर
चूल पेटली नाही. दोष चुलीचा. बैठकीच्या मधोमध जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात राख, राखेत तादाओमीचा हरवलेला चष्मा. सासूबाई गेल्यापासून सहा वर्षं पेटवलीच नव्हती. हीटर आहे ना.

किनुयोकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "साएको, अगं गवताच्या छपराला धूर लागतो रोज. धूर नसला की किडे संसार थाटतात. तुझ्या छपरात एव्हाना त्यांची नातवंडं असतील."

हसले. मत्सर माणसाला कुठे नेतो!

९ ऑक्टोबर
शेवया केल्या. उकळत्या पाण्यात टाकल्या आणि त्यांची पेज झाली. चव उत्तम. तादाओमी म्हणाला, "भिंतीला भेग पडलीय, थोडी ठेव." चमच्याने खायच्या शेवया हा नवा प्रकार म्हणून देता येईल.

१४ ऑक्टोबर, शनिवार
बस आली. काकूंकडे गेली. मी सहज कुंपणाजवळ पानं झाडत होते. अडीच तास. आतून हसण्याचा आवाज. काकू काय एवढं विनोदी बोलतात कोण जाणे. मला तर नुसतं टोचून बोलतात.

१९ ऑक्टोबर
खाली शहरात जाऊन सुपरमार्केटमधून शेवयांची वीस पाकिटं आणली. पाकिटं माझ्या हातांनी फोडणार, म्हणजे हाताच्याच झाल्या.

बसायला अठरा उशा शिवल्या. एकोणिसावी माझी.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार
फ्रिजपुढे पडदा. टीव्हीवर सासूबाईंचा किमोनो. मसाज खुर्ची मात्र माळ्यावर चढवावी लागली. तादाओमी म्हणाला, जिथे खुर्ची तिथे मी. दोघांनाही माळ्यावर ठेवलं.

आणि दैव बघा, आगीच्या पाळीची पाटी आज आमच्या दारावर आली. गावाचा नियमच आहे: पाटी ज्याच्या दारी, त्याने दुसऱ्या दिवशी टिपऱ्या वाजवत "आग सांभाळा हो" ओरडत गावभर फिरायचं. धूर दिसला तर अंगणातली पाण्याची तोफ सोडायची. एक तोफ सुटली की बाकीच्यांनीही सोडायच्या. छपरं गवताची, चर्चेला वेळ नसतो.

पाहुण्यांना फेरीवर नेणार. हे काकूंना सुचलंच नसतं.

२८ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी १०.४०
चूल पेटली!! अर्धा डबा स्टोव्हचं रॉकेल, पण पेटली. वर ओली लाकडं रचलीत. दारं-खिडक्या बंद. फेरीवरून परत येईपर्यंत घरात छान जुन्या काळचा धूर साठेल. बसचा हॉर्न वाजला!

२८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.१५ (काकूंच्या घरून, काकूंच्या कपड्यांत)
दिवस यशस्वी. थोडे बदल झाले.

अठरा जण, मी पुढे, टिपऱ्या, "आग सांभाळा हो." सगळे माझ्यामागे ओरडत होते. फार सुंदर वाटलं. देवळापर्यंत गेलो तेव्हा मागून भोंगा वाजला.

वळून पाहिलं तर आमच्या छपरातून धूर. हे अपेक्षितच होतं. पण सहा वर्षांत या घरातून धूर निघालेला कुणी पाहिला नव्हता. काकूंनी पाहिला आणि त्यांना वाटलं, आग. इतर कुणाच्या घरातून धूर निघाला असता तर लोक म्हणाले असते, स्वयंपाक चाललाय.

काकूंनी तोफ सोडली. मग समोरच्यांनी. मग साऱ्या गावाने. आमच्या घरावर सगळीकडून पाणी, वर इंद्रधनुष्य. आतून तादाओमी निथळत बाहेर आला, काखेत किमोनो नेसलेला टीव्ही.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! एक आजोबा मला म्हणाले, "काय नियोजन आहे, बाई!" मी वाकून आभार मानले. खरं सांगून कुणाचा हिरमोड करायचा? हायासाका बाई वहीत भराभर काहीतरी लिहीत होत्या. नक्कीच स्तुती.

शेवया तरंगत दारापर्यंत आल्या होत्या. जेवण काकूंकडे झालं. जागा पुरली नाही, म्हणून मी ओसरीवर.

२९ ऑक्टोबर
अठरा उशा दोरीवर वाळत. काकू म्हणाल्या, "पेटवायचीच होती तर आधी सांगायचंस, गं. मी दम लागेस्तोवर धावले. तू आत असशील असं वाटलं मला."

मी अठराही उशा उलटवून पुन्हा वाळत घातल्या.

६ नोव्हेंबर, सोमवार
हायासाका बाईंचं पत्र आलं. पाहुणे अतिशय खूश. इतका आनंद आजवर एकाही सहलीत नाही. तादाओमीला मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत.

बस काकूंकडेच थांबणार. कारण पाण्याचं दृश्य त्यांच्या ओसरीवरून उत्तम दिसतं. तर दर शनिवारी दीड वाजता आमच्या घरावर तोफा सोडायला आमची हरकत आहे का? गावाच्या पंचांची नाही. तेवढाच सराव होतो, म्हणाले. त्या अर्ध्या तासात घरात कुणी असू नये, ही विनंती.

तादाओमीने पुढचं स्वतःच वाचलं आणि म्हणाला, "घराला नोकरी लागली."

म्हणजे दर शनिवारी अठरा माणसं माझ्या घराकडे बघणार. समोरून. चहा पीत.

हरकत नाही असं कळवलं. संस्कृतीसाठी.

दुपारी ४.००
तासभर किमोनोला इस्त्री करत विचार केला. काकू नाही म्हणतील. "जागा कुठे आहे, गं?" म्हणतील, आणि जागा खरंच नाही. अठरा जण मांडीला मांडी लावून बसतात तिथे. तरी आत्ता जाऊन विचारणार आहे. वाक्य आधी इथे लिहून ठेवते, नाहीतर दारात गेल्यावर मी हवापाण्याचंच बोलेन:

काकू, शनिवारी ते सगळे तुमच्या चुलीभोवती बसतात ना, त्यांच्यात मी बसू का? वाढणार नाही, काही समजावून सांगणार नाही. नुसती बसेन.