सोनचाफ्याचा वास

माण, हिंजवडीच्या पुढे
११ मार्च २००१

चि. सुशीलेस,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

आज पहाटे जाग आली ती मोटेच्या चाकाच्या आवाजाने. इथे कुठली मोट! विहिरीवर विजेचा पंप आहे, आणि तोही दर गुरुवारी मौन पाळतो. पण काटोलकडची ती कुरकुर साठ वर्षं कानात तशीच आहे. बाबा मालगुजाराच्या संत्र्यांना पाणी सोडत आणि मी बैलांच्या धावेच्या कडेला बसून चाकाच्या तालावर शाळेतली कविता पाठ करी. बैल वळले की कडवं संपलं.

आता बातमी सांगतो. सोनचाफा फुलला! सात वर्षं वाट पाहिली. विहिरीपलीकडच्या उंच फांदीवर, पानांआड, एकच फूल, पिवळंधमक. खाली उभा राहून मान दुखेपर्यंत पाहिलं. वाऱ्यावर असं हलतं की जणू वर्गातली हुशार मुलगी बोट वर करून उत्तर द्यायला उतावीळ झाली आहे. चार दिवस झाले, अजून कोमेजलं नाही.

बाकी अळू माजला आहे, मिरवेल सुपारीवर निम्मी चढली, केळींना घड धरले आहेत. सोजरबाई खुरपायला येते, ती म्हणते की तुमच्या बागंत ऊनसुदिक इचारून येतंय.

फुलावर चार ओळी केल्यात, सोबत पाठवतो. तुझ्या यजमानांना दाखवू नकोस. आमच्या अभयच्या लग्नात मी स्वतः रचलेली कविता म्हणत असता भर मांडवात पोपटरावांनी भात गार होतोय, आवरा, असं सुनावलं होतं. त्यानंतरची चार वर्षं आमचं बोलणं नाही, आणि माझी काही तक्रारही नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
रावसाहेबदादा

नागपूर
१९ मार्च २००१

ती. दादास,
सुशीलेचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. ओळी ह्यांना दाखवल्या नाहीत, फक्त मोठ्याने वाचल्या. हे म्हणाले की यमक जुळलं आहे, आता मास्तरांना झोप लागेल.

पण दादा, मला एक सांग. सोनचाफा फुलला आणि वासाबद्दल एक अक्षर नाही? तू? मागच्या वर्षी अनंत फुलला तेव्हा वासावर दोन पानं लिहिणारा माणूस तू. आणि चार दिवस कोमेजत नाही, हे काहून?

दुसरं. तुझ्या ओळी कागदाच्या रेघा सोडून उताराला लागल्या आहेत. वेलांट्या शेजारच्या शब्दावर जाऊन बसल्यात. फळ्यावर पट्टी न लावता सरळ लिहिणारा माझा भाऊ हा नव्हे. मी नर्स म्हणून पस्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, मला फसवू नको. एक डोळा झाक आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाच. मग दुसरा झाक. रविवारी सूनबाई येईल तेव्हा तिला ते फूल काढायला सांग, आणि काय निघतं ते खरं खरं कळव.

लोभ तर आहेच, पण उत्तर लवकर हवं.
तुझी,
सुशीला

माण
२ एप्रिल २००१

चि. सुशीलेस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

नम्रता शिडीवर चढली. खाली आली, माझ्या तळहातावर ते ठेवलं, माझी मूठ तिनेच मिटवली आणि चहा टाकायला गेली. मुठीत ते चुरचुरलं. वेफर्सचं रिकामं पाकीट होतं. तिकडच्या कंपन्यांकडून वाऱ्यावर आलं असावं.

तू ओळखलंसच, तर आता लपवत नाही. दिवाळीपासून सगळं धुक्यात आहे. अभयने परवा कोथरूडच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पिकला आहे. ते म्हणतात, उजव्याचं ऑपरेशन याच महिन्यात करा, नंतर महिनाभर वाकायचं नाही, डोळ्यात धूळ-पाणी जाऊ द्यायचं नाही.

ऐन वैशाखात महिनाभर! सोजरबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. अभय आणि नम्रता सकाळी सातला कंपनीच्या बसमध्ये चढतात ते रात्री नऊला उतरतात. अभय म्हणतो, आपोआप सुटणाऱ्या नळ्या बसवू. मी विचारलं की अळू किती पितो आणि मिरवेल किती, हे त्या नळ्यांना कोण शिकवणार? माणसागणिक धडा वेगळा असतो, झाडागणिकही.

सुशीले, बाबांनी जन्मभर पाणी दिलं ती सगळी झाडं दुसऱ्याची. गळालेलं संत्रं उचलायलासुद्धा विचारावं लागे. ही अकरा गुंठ्यांतली आपली आहेत. त्यांना तहानलेली सोडून मी खाटेवर पडू? डॉक्टरांना सांगून आलो की मृग लागला की बघू.

रागावशीलच. रागातही थोडी जागा माझ्यासाठी ठेव.
दादा

नागपूर
९ एप्रिल २००१

ती. दादास,
सविनय जयभीम.

मृग लागेपर्यंत तो डोळा तुझ्यासाठी थांबायचा नाही. पिकलेला मोतीबिंदू फुटला तर डोळ्यातला दाब वाढतो, आणि मग गेलेलं दिसणं परत येत नाही. असे पेशंट मी हाताला धरून फाटकापर्यंत पोचवले आहेत. बाबांचं नाव पुढे करू नकोस. बाबांना झाडं हवी होती, आंधळा मुलगा नाही.

मी स्वतः आले असते, पण माझे गुडघे मला दोन पायऱ्या उतरू देत नाहीत. ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. तुझं नाव निघालं की हे असंच.

ऑपरेशनची तारीख घेतल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस. लिहिलंस तरी मी वाचीन, ते वेगळं.
सुशीला

माण
१७ एप्रिल २००१

चि. सुशीलेस,
आशीर्वाद आणि जयभीम.

बाबांबद्दलचं तुझं वाक्य भिंग लावून पुन्हा पुन्हा वाचलं. तारीख घेतली. सोमवार, २३ एप्रिल. नंतर महिनाभर अभयकडे कोथरूडला राहीन.

काल संध्याकाळी बागेत हिंडून एकेका झाडाला हात लावून आलो. फणस आणि सुपारी तग धरतील. सोनचाफ्याचं सांगता येत नाही. केळी, मिरवेल, अळू जातील. घड अजून कोवळे आहेत, एवढंच मनाला लागतं. पण दिसायला लागलं की पुन्हा लावीन. वय काय, अडुसष्ट! पुन्हा लावलेली केळी मला पहिल्या पानाच्या पोंग्यापासून पाहता येतील, हेही खरंच.

तुझ्या गुडघ्यांना जप. इथली काळजी तुझ्यापर्यंत पोचली, आता तुझा थोडा धीर इकडे येऊ दे.
दादा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच फाटक वाजलं. मंगळवारी इथे कोण यायचं! उन्हात एक उंच आकृती, बगलेत वळकटी, हातात ट्रंक. चेहरा दिसला नाही. मग आवाज आला की गाडी दोन तास लेट, आणि बसवाल्याने भलत्याच कंपनीच्या दारात उतरवलं. सुशीले, पोपटराव! म्हणतात, बायकोने पाठवलेलं नाही, रेल्वेचा पास वाया जात होता, महिनाभर राहतो. मी पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढे केला, तर दारातूनच म्हणाले की हे आधी केळींना.