कुंपणाच्या दोन ओळी

नळदुर्ग, मंगळवार, संध्याकाळ

डोकं उठलंय. आमच्या मोबाईल गेमच्या ग्रुपनं गेममध्ये ठोकळ्यांची घरं बांधायची स्पर्धा ठेवली होती आणि मी परीक्षक. नियम दोनच. वेळेत पाठवायचं आणि दिलेल्या जागेतच बांधायचं. सास्तूरची रेखा ग्रुपमध्ये नवीन. तिनं आपल्या गल्लीसारखी गल्ली बांधली, दारापुढं बैलगाडीसुद्धा. पण लाईट गेली आणि तिची रचना दहा मिनिटं उशिरा आली. मीच ती बाद केली. वाईट वाटलं, तरी केली.

आज ग्रुपच्या मतांवर निकाल लागला. पहिल्या आलेल्या महालाचं कुंपण दिलेल्या जागेच्या ठोकळ्यांच्या दोन ओळी बाहेर आहे. मी मोजलं, परत मोजलं. दोन ओळी. ग्रुपच्या प्रमुखांना फोन लावला.

"मॅडम, लोकांना महाल लई आवडलाय. दोन ओळींनं काय होतंय?"

"मग रेखाच्या दहा मिनिटांनं काय होत होतं?"

"ती नवीन आहे. हा आपला जुना माणूस."

म्हणजे नियम फक्त नव्या माणसाला? मग मी कडक वागले ते कुणासाठी?

परीक्षकपद सोडलं, कारणही ग्रुपवर लिहिलं. निकाल तसाच राहिला. शेवटी रेखाला फोन करून माफी मागितली.

ती म्हणाली, "ताई, उशीर झालाच व्हता. तुम्ही बाद केलं तवा काय वाटलं न्हाय. राग आज आला. ग्रुप सोडला म्या. गल्ली हाय माझ्या मोबाईलवर. या बघायला."

परीक्षक म्हणून ती गल्ली मी फक्त तपासली होती. आता जाऊन नीट बघते.