चौकटीबाहेरचं वाचलं जाणार नाही

रविवार, सकाळ
(म्हणजे अभ्यासाची वेळ)

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी,

जावयाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? तो जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे मागच्या खेपेला फोनवर नीट ऐकू आलं नाही, आणि डॉक्टरांच्या लेखी त्यात फरक असतो म्हणे. आईंच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडत असतीलच. तुमची कन्या तिथे असताना वेळ चुकवायची थेंबांची काय बिशाद! छोटीने तुमच्या चष्म्याचं काय केलं ते मात्र कळवू नका, मला कल्पना करता येते. इकडे मी मजेत आहे. (एवढं लिहून उठलो, दार लागलंय का ते बघून आलो. लागलेलंच होतं. पुन्हा बसलो.) तुम्ही सवयीप्रमाणे लाल पेन हातात घेऊन वाचत असाल, म्हणून डावीकडे मुद्दाम ऐसपैस समास सोडला आहे. लग्न ठरल्यावर मी तुम्हाला लिहिलेलं पहिलं पत्र तुम्ही 'मुद्दा कोठे?' असा शेरा मारून परत पाठवलं होतं. जन्मभर शाळेत पेपर तपासलेल्या माणसाकडून जावयाला मिळालेला तो पहिला आहेर, आणि मी तो जपून ठेवला आहे. या पत्रातही मुद्दा आहे. तो येईल, जरा दम धरावा.

माझ्या परीक्षेविषयी तुम्ही लोकांना 'जावई कसली तरी मोठी परीक्षा देतात' एवढंच सांगता, असं कानावर आलं. त्यात तुमची काही चूक नाही. 'देतात' हा वर्तमानकाळ तर अगदी चपखल आहे, कारण मी ती देतच असतो. तर ही परीक्षा गुंतवणुकीची, तीन टप्प्यांची. पहिल्या दोन टप्प्यांत उत्तरं आयती छापलेली असतात, आपण फक्त एकावर खूण करायची. तिथून मी सुळकन पुढे गेलो, कारण तिथे तोंड उघडायची सोयच नव्हती. शेवटच्या टप्प्यात मात्र लिहावं लागतं. एखादं कुटुंब दिलेलं असतं: नवरा निवृत्तीला आलेला, बायकोला होडी घ्यायची आहे, मुलगा लांब शिकतोय. मग विचारतात, या कुटुंबाला जोखीम झेपेल का? ठरवा आणि समर्थन करा. खाली काडेपेटीएवढी चौकट, तिच्यात दोन ओळी जेमतेम मावतात, आणि चौकटीबाहेरचं वाचलं जाणार नाही असं वर ठळक छापलेलं. आता तुम्ही मला ओळखता. ते कुटुंब माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. या बाईंना या वयात होडीच का हवी, नवऱ्याला पोहता येतं का, मुलाला हे कुणी सांगितलंय का, असं काहीबाही मनात येतं आणि मी लिहीत सुटतो. चौकट भरली की समासात चढतो, समास संपला की पान उलटतो. पहिल्या वेळी तर होडीच्या विम्यापर्यंत सगळं साग्रसंगीत लिहून झालं, फक्त जोखीम झेपेल की नाही तेवढं सांगायचं राहून गेलं. आतापर्यंत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा थोडक्यात नापास झालो. मी आयुष्यात थोडक्यात केलेली तेवढी एकच गोष्ट.

माझ्या ऑफिसात एक सडपातळ गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना टाचणी म्हणतो. आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्रच बसलो होतो. टाचणी पास झाले. मी त्यांना विचारलं की होडीच्या प्रश्नाला काय लिहिलंत? म्हणाले, "नाही. उत्पन्न थांबतंय." मी वाट बघत राहिलो. पण त्यांचं उत्तर संपलं होतं.

म्हणून या खेपेला चंग बांधला. मागची खोली अभ्यासाची केली. तिथल्या इस्त्रीच्या टेबलाची हकालपट्टी झाली, आणि 'इथे आता फक्त गंभीर गोष्टी होतील' असं मी जाहीर केलं. तुमच्या कन्येने तक्रारीचा चकार शब्द न काढता साथ दिली, हे मी लेखी द्यायला तयार आहे. (देतोच आहे.) रोज संध्याकाळी ती माझ्या सराव उत्तरपत्रिका छापील उत्तरांशी ताडून तपासायची. तपासायचा हात अर्थातच तुमचा. चौकटीच्या काठाशी आली की तिचं पेन जागच्या जागी थांबायचं, पुढे मी काय मोती उधळलेत याकडे ती ढुंकूनही बघायची नाही. छोटीलासुद्धा आपोआप शिस्त लागली. बाबांचा अभ्यास म्हणजे काय ते तिला पक्कं कळलं आहे. हल्ली ती खोलीत शिरण्यापूर्वी दार वाजवते, मी 'ये' म्हणेपर्यंत बाहेर उभी राहते, आणि मी 'नंतर' म्हटलं की मुकाट्याने जाते. पहिलीतली पोर! आमच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनमध्येही कुणी इतक्या अदबीने शिरत नाही. मी ही गोष्ट चार जणांना कौतुकाने सांगितली. (मध्येच उठून पंखा एकने कमी केला. मग एकने वाढवला.)

आता बाबा, तुमच्याकडे सगळी मंडळी 'त्यांना शांतता मिळावी म्हणून' आली आहेत, असं तुम्हाला सांगण्यात आलं असेल. तसं ते खरं आहे. पण अगदी तसंच नाही. गेल्या आठवड्यात आम्ही जेवत होतो, आणि जेवता जेवता तिने सहज विचारलं, की या वेळी नाही झालास पास तर पुन्हा बसणार आहेस का? साधा प्रश्न. हो किंवा नाही. मी म्हटलं, ते अनेक घटकांवर अवलंबून आहे. मग मी ते घटक सांगायला घेतले. वय, उमेद, साहेबांची बदली, अभ्यासक्रमात होऊ घातलेले बदल, आजवर घातलेला वेळ, आणि तो वेळ पुढच्या निर्णयात धरायचा की नाही याबद्दल तज्ज्ञांमध्ये असलेलं एकमत. (धरायचा नाही. गेलं ते गेलं.) बोलता बोलता मी छान रंगात आलो. छोटी खुर्चीतच पेंगली. तुमच्या कन्येने तिला आत निजवलं, ताटं उचलली, घासली, पुसली, हात कोरडे केले आणि माझ्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. नुसतं म्हणाली, "ठरव आणि समर्थन कर. दोन ओळी. चौकटीबाहेरचं मी वाचणार नाही." दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी लागली आणि दोघी तुमच्याकडे आल्या.

तेव्हापासून घरात शांतता आहे. ती मी मागून घेतली होती, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? पण बाबा, शांततेत अभ्यास होतो ही शुद्ध अफवा आहे. शांततेत फ्रीज ऐकू येतो. तो मध्येच घरघर थांबवतो, आणि मग मी तो पुन्हा कधी सुरू होतोय याची वाट बघत बसतो. महत्त्वाच्या ओळींवर पिवळा रंग फिरवत फिरवत परवा अख्खं प्रकरण पिवळं करून टाकलं. मग त्यातलं खरोखर महत्त्वाचं कळावं म्हणून वरून हिरवा फिरवला, आता ते वाचताच येत नाही. वेळ लावून सराव करावा म्हणून स्वयंपाकघरातलं टिकटिक घड्याळ खोलीत आणून ठेवलं. त्याचं खरं काम गॅसवर दूध ठेवल्याची आठवण करून देणं हे होतं, ते मला दूध उतू गेल्यावर आठवलं. ओटा घासला. ओटा घासताना जोखमीच्या वाटणीवर एक सुंदर उदाहरण सुचलं. ते लिहायला धावलो तर साबणाच्या पाण्यावरून घसरलो. फार लागलेलं नाही. (हे तिला सांगू नका. किंवा ओघात आलं तर सांगा.)

परवा मी असाच बसलो असताना खोलीचं दार वाजलं. मान वर न करता मी म्हटलं, "नंतर ये गं बाळा." म्हटलं आणि मग लक्षात आलं की बाळ तुमच्याकडे आहे. बाहेर खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या, बाहेरचं दार मी उघडंच ठेवलं होतं. (म्हणून आता सारखं बघतो.) काकूंच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी काही पैसे बँकेत मुदतीने ठेवलेत, ते काढून भाच्याच्या धंद्यात घालावेत का, असं त्यांना विचारायचं होतं. म्हणाल्या, "तुमचा अभ्यास चाललाय म्हणून आले. काढू की राहू देऊ, तेवढं सांगा." मला कोण आनंद झाला! चालतंबोलतं कुटुंब दारात आलं होतं. मी त्यांना बसवलं आणि पुस्तकातल्या क्रमाने प्रश्न विचारायला घेतले. अपेक्षा काय, गरजा काय, नुकसान सोसायची तयारी किती. सगळं छान चाललं होतं. मग कालावधीचा मुद्दा आला. पैसे किती काळ पुरायला हवेत हे कळल्याशिवाय शास्त्र पुढे सरकत नाही, बाबा. मी अत्यंत आदराने विचारलं, "काकू, अजून साधारण किती वर्षं जगायचा विचार आहे?"

काकू उठल्या. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात खुलासा लिहायला समास नव्हता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं की वरचा माणूस बायको माहेरी गेल्यापासून लोकांना मरणाच्या तारखा विचारतो. आता जिन्यात मी दिसलो की लोक लगबगीने आत जातात. दुसऱ्या दिवशी टाचणी मला जुने पेपर द्यायला आले, त्यांना काकूंनी खालीच गाठून तोच प्रश्न विचारला. टाचणी म्हणाले, "राहू द्या." बस्स, एवढंच. काकूंनी त्यांना खाली बसवून चहा पाजला आणि खाऊचा डबा बांधून दिला. तो डबा माझ्याच टेबलावर बसून त्यांनी खाल्ला. मला अर्धा दिला, पण काही न बोलता.

ऑफिसातही तीच गत. परीक्षेसाठी रजा हवी म्हणून अर्ज लिहिला. लिहिता लिहिता त्यात माझी पार्श्वभूमी, कामाची हेळसांड होणार नाही याची हमी आणि मागच्या दोन वेळचा अनुभव असं करत दोन पानं झाली. साहेबांनी ती पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि काळजीने विचारलं, "तुम्हाला रजा हवी आहे की राजीनामा देताय?" मी ते पुन्हा वाचून बघितलं. त्यांचंही बरोबर होतं.

तर बाबा, मुद्दा. (आला.) परीक्षा तोंडावर आली आहे आणि माझं कशातच चित्त नाही. पुस्तक उघडतो, मिटतो, खिडकीशी जातो, परत येतो. प्रश्न पेपरात कुठला येईल याचं मला काही वाटेनासं झालंय, जेवणाच्या टेबलावर आलेला तो एकच प्रश्न डोक्यातून जात नाही. त्याचं उत्तर मी रोज लिहून बघतो. पहिलं सहा पानी झालं. दुसऱ्याला तळटिपा होत्या. तिला फोन केला तर ती फक्त 'दोन ओळी?' विचारते, मी 'म्हणजे असं बघ' म्हणतो, आणि ती छोटीला फोन देते. छोटी विचारते, "बाबा, तुमचा अभ्यास चाललाय का? मी नंतर बोलू?" मी नको, आत्ताच बोल म्हणतो तोवर ती गेलेली असते. मला करमत नाही, बाबा. इतक्या वर्षांत तुमच्याशी हे असं उघड बोललो नव्हतो. आईंना नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक द्या. चुका लाल करून पत्र परत पाठवलंत तरी चालेल.

तुमचा,
जावई

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. परीक्षेत ठरावीक बनावटीचाच कॅल्क्युलेटर चालतो, आणि माझा छोटीच्या दप्तरातून तुमच्याकडे आला आहे. ती त्यावर दुकान-दुकान खेळते. शून्याच्या बटणावर तिने चांदणी चिकटवली आहे, ती कृपया खरवडू नका, माझ्या बोटाला तिची सवय झाली आहे. तेवढा कॅल्क्युलेटर पाठवावा.

ता. क. २. कुरिअरने नको. वाटेत आदळआपट होते. कुणीतरी हातानेच आणून दिलेला बरा. कुणी, ते मी कसं सांगू? खोलीत इस्त्रीचं टेबल मात्र परत आणून ठेवलं आहे.

ता. क. ३. बाबा, इथून पुढचं तुम्ही वाचू नका, पान तसंच तिच्या हातात द्या. पट्टीने चौकट आखली आहे. हे आज सकाळी जमलं, तुम्हाला पत्र लिहिता लिहिता, काकूंनी दार वाजवलं तिथवर आलो तेव्हा. तिला म्हणावं, मोजून दोन ओळी आहेत आणि बाहेर काही नाही.

नाही, पुन्हा बसणार नाही.
आपली मुलगी स्वतःच्या घरात दार वाजवून आत येते.