दौतीला झालंय काय?

९ मार्च, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. खळ शिजत ठेवली आहे, ती दाट होईपर्यंत लिहितो.

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उंदरांसाठी मालकांनी बाइंडिंगखान्यात आणलेली आणि माझ्या उशाशी झोपणारी आमची मांजर दौत आठवडाभर ओकते आहे. ओकारी हिरवट असते. गवत खाते म्हणावं, तर आमच्या माळ्यावर गवत कुठलं?

काल पिशवीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेली. तिथे वासरं तोलायचा काटा आहे. तिला ठेवली तर काटा हललाच नाही. डॉक्टर म्हणाले, काट्याच्या मते इथे मांजर नाहीच. भला माणूस, पैसे घेतले नाहीत. पण मांजराचं रक्त तिथे तपासत नाहीत. त्यांनी एका खासगी डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. तिथे सगळ्या तपासण्यांचे सव्वीसशे सांगितले. माझ्यापाशी नऊशे आहेत, म्हणून परत आलो. मालक म्हणतात, एवढ्या पैशांत दहा मांजरं येतील. येतील, पण त्यांत दौत नसेल. ती रोज हलकी होते आहे. काय करू?

भाऊजींना नमस्कार. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा

१३ मार्च

चि. मास्तरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, सातवीतून शाळा सोडली तरी पोराची एक वेलांटी चुकत नाही. दौतीची काळजी त्यांनाही लागली आहे, कबूल करत नाहीत एवढंच.

मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावते, तेव्हा ऐक. आकडा ऐकून गुपचूप परत फिरणारे पुष्कळ बघते. डॉक्टरांना वाटतं, बरे झाले असतील. तू बाईंना सरळ सांग, एवढेच आहेत, यात आधी काय करायचं? लाजू नकोस. कुणी खात नाही. हप्ते चालतील का, तेही विचार. पाचशे वेगळे पाठवते आहे.

तू जेवतोस ना, की दौतीबरोबर तुझाही उपास? माया आहेच, दोघांत वाटून घ्या.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पैसे पोचले. तू सांगितलंस तसंच बोललो. बाई हसल्या, यादीतल्या पाच तपासण्या खोडल्या आणि यकृताची तेवढी ठेवली. तीच का, म्हणून मी विचारलं. त्यांनी दौतीचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या पिवळ्या! दोन आठवडे तिचं तोंड बघत होतो, पण तोंडात बघितलं नव्हतं.

मग खायला काय देतोस, म्हणाल्या. दूध आणि मासळीची डोकी, असं सांगतोय तोवर दौत टेबलावर माझी बोटं चाटायला लागली. बाईंनी माझा हात धरून उजेडात नेला. नखांच्या कडा निळसर होत्या. हे काय, विचारलं. मी सांगितलं, पुस्तकांना कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतो. मालक एक चिमूट सांगतात, मी दोन घालतो, काम पक्कं व्हावं म्हणून. आणि काम संपलं की हात हिच्यापुढे धरतो, ती चाटून लख्ख करते.

बाईंनी दौतीला उचलून माझ्या हातापासून लांब ठेवलं. मग म्हणाल्या, मोरचूद विष असतं. रोज थोडं थोडं तूच भरवत होतास. ताई, मी त्याला तिचा लळा समजत होतो. तसं बोललोही. बाई म्हणाल्या, लळा असेलही, पण खळ पिठाची असते, हे विसरू नकोस.

तीन दिवस सलाईन लावलं. तपासणीत यकृत सुजलेलं निघालं, पण सावरेल म्हणतात. आज तिने बशी पुसून काढली आणि ओकली नाही. हात आता साबणाने दोनदा धुतो. काल संध्याकाळी ती आली, हात हुंगला, नाक मुरडलं. चाटायला काही नाही हे कळल्यावर जाईल म्हणून मी बघत राहिलो. ती मांडीवर चढली आणि झोपली.

तुझा ऋणी,
धाकटा

ता. क. हिशेब: बाईंची फी दोनशे, तपासणी साडेचारशे, सलाईन व औषधं हजार, साबण तीस. एकूण सोळाशे ऐंशी. दिले चौदाशे. बाईंचे देणे दोनशे ऐंशी, दोन हप्त्यांत. तुझे पाचशे, मुदत तू सांग. साबणाचा खर्च दरमहा धरला आहे.