बकारामचा निरोप

दवनीवाडा,
ता. २७ जानेवारी १९५८

सौ. वच्छला हिला चैतरामचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत, तिकडे चिचगडलाही तसंच असेल असं धरून चालतो.

खळ्यावरचा चुरणा आटोपला. धान कोठीत गेलं, तणसाचे ढीग रचून झाले. बांध्यांमध्ये लाखोरी फुलली आहे. काळी गाय व्याली, गोऱ्हा झाला. बाबांचा गुडघा थंडीने धरतो. आईशी आता जवळ जाऊन बोलावं लागतं. तुला जाऊन अकरा महिने झाले. आधीच्या दोन पत्रांतही मी असंच गाईचं आणि धानाचं लिहिलं होतं. त्याला काय उत्तर देणार, हे मला समजतं.

हिरालाल गुरुजींची नदीवरची डोंग्यांची सहल यंदाही झाली. मी गेलो होतो. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. गुरुजी तीनदा घरी आले, म्हणाले, "चल, मन मोकळं होईल." मन काही बांधलेलं नाही, पण तसं त्यांना सांगता येईना. मग गेलो.

सगळं नेहमीसारखंच. ढिवरांचे चार डोंगे बैलगाड्यांवर टाकून पहाटे निघालो, बाघ नदी वैनगंगेला मिळते तिथे पाण्यात उतरवले. एका डोंग्यात दोघे, असे आठ जण. माझ्यासोबत दुधराम. दोन दिवस वल्हवत खाली आपल्या घाटापर्यंत यायचं, मधली रात्र रेतीवर काढायची. तू एकदा विचारलं होतंस, तिथे असं काय ठेवलं आहे म्हणून. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर तिथे मला कोणी हाक मारत नसे. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसतात. दोन्ही काठांना अर्जुनाची झाडं वाकलेली. खडकांमधून धार जोरात निघते तिथे पुढचा ओरडतो, मागचा वल्हं रोवतो, आणि डोंगा निघून गेला की आठही माणसं पोरांसारखी हसतात. शेत नाही, बाबा नाहीत, घर नाही. वर्षातले दोन दिवस मी कोणाचा कोणी नसायचो. मला ते फार आवडायचं.

यंदा तसं काही वाटलं नाही. हात चालत होते. पुढच्या डोंग्यात शालीकराम गात होता. मी पाण्याकडे पाहत होतो.

दुपार कलल्यावर नेहमीच्या रेतीवर थांबलो. बाकीचे पोहायला उतरले. मी पानगे भाजायला लाकडं आणतो म्हणून काठ चढून वर गेलो. वर पळसाखाली एक पायवाट आहे. तिथे उभा राहिलो. मग लाकडं न घेताच त्या वाटेने चालू लागलो. कोणाला सांगितलं नाही.

वच्छला, आता जे लिहितो ते मी गेलं वर्षभर लिहिलं नाही.

गेल्या वर्षी सहलीच्या सकाळी आपल्या रुख्माच्या कपाळाला मी हात लावला होता. अंग गरम होतं. तू चुलीशी होतीस. ती म्हणाली, "बाबूजी, माले डोंग्यात बसवाल का?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी. आणि निघालो. ताप मला ठाऊक होता. तुझ्या तोंडून ऐकला असता तर थांबावं लागलं असतं, म्हणून तुला भेटायला चुलीकडे आलोच नाही.

त्या दिवशीही मी लाकडांसाठी काठ चढलो होतो. पळसाखाली आपला गडी बकाराम समोर आला. धापा टाकत होता, पायाला काटा लागून रक्त येत होतं. म्हणाला, "मालक जी, बाईनं धाडलं. पोरीचा ताप उतरून नाही राहिला. झटके येऊन राहिले. गोंदियाले न्या लागते म्हणते. लवकर चला."

मी विचारलं, "बाबा काय म्हणतात?"

"तुमालेच बलावून राहिले. गाडी जुंपून ठेवतो म्हणते."

खालून पोरांसारखं हसणं ऐकू येत होतं. आदल्या वर्षी अशाच तापासाठी मी बाजारातून धावत आलो होतो आणि रुख्मा अंगणात खेळत होती, ते मला आठवलं. पण ते कारण नव्हतं. कारण असं काही नव्हतं. मला जायचं नव्हतं, एवढंच. मी म्हटलं, "तू हो समोर. डोंगा लावून मी मागून येतोच."

तो म्हणाला, "संगंच चला ना जी."

मी म्हटलं, "येतो म्हटलं ना."

तो गेला. मी लाकडं घेऊन खाली आलो. थोडा वेळ बसून निघू असं ठरवलं. मग पानगे झाले. मग वांग्याची भाजी झाली. मग दिवस बुडाला आणि आता अंधारात कुठे जाणार, असं मीच स्वतःला सांगितलं. दुधरामने विचारलं, "काऊन गा, गप गप?" मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या धारेतून माझाच डोंगा पहिला निघाला. सगळ्यांनी आरोळी ठोकली. मीही ठोकली.

बकारामने घरी येऊन सांगितलं, मालक मागून येऊन राहिले. म्हणून बाबांनी जुंपलेली गाडी थांबवली. तू त्यांच्या पाया पडून म्हणालीस, निघू या. ते म्हणाले, तो आला की निघू, आता येईलच. हे मला नंतर आईने सांगितलं. उजाडता उजाडता रुख्मा गेली.

मी संध्याकाळी पोचलो तेव्हा तिला पुरून आले होते. अंगणात सगळं गाव. बाबांनी विचारलं, "निरोप भेटला होता ना तुले?"

मी म्हटलं, "नाही. कोणी आलंच नाही."

कसं निघालं, माहीत नाही. ठरवलेलं नव्हतं. पण निघाल्यावर मागे घेतलं नाही. बकाराम गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाबा म्हणाले, हा मोहाची ढोसून कुठे पडला होता आणि येऊन खोटं बोलला. तू त्याच्या अंगावर धावलीस. त्याला, त्याच्या पोरींना तू जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तुला धरलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याला काढून टाकलं. बारा वर्षं आपल्याकडे होता. गावात मग दुसऱ्या कोणी त्याला कामाला ठेवलं नाही.

तू माहेरी गेलीस. सगळ्यांना वाटतं, दुःखाने गेली. मीही स्वतःला तसंच सांगत होतो.

तर यंदा त्या पायवाटेने मी निघालो. तीच वेळ होती. घाई केली नाही, साध्या पावलांनी चाललो. आपल्या दारात आलो तेव्हा आई तुळशीशी दिवा लावत होती. गोंदियाला गाडी जायला किती वेळ लागतो, ते तुला ठाऊक आहे. मी अंगणात उभा राहून हिशेब केला. वेळ होता. डॉक्टरने तिला वाचवलं असतं का, ते मला सांगता येणार नाही. पण वेळ होता.

मला रडू आलं नाही. अजून एकदाही आलेलं नाही. जेवतो, झोपतो, बांध्या पाहतो. आत कोणी नसल्यासारखं आहे.

चार दिवसांनी गोंदियाला गेलो. बकाराम तिथे एका भाताच्या गिरणीत पोती वाहतो. पाठ वाकली आहे. मला पाहून त्याने पोतं खाली ठेवलं आणि सवयीने हात जोडले. मी म्हटलं, "मी सगळ्यांसमोर खरं सांगतो आता."

तो म्हणाला, "आता कायले जी?"

मी विचारलं, "तू त्या दिवशी काऊन नाही बोलला? तुले बोलता येत होतं."

त्याने खांद्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "तुमची पोर मेली होती जी. त्या दिवशी तुमाले खोटा कसा पाडू?"

मी त्याला परत ये, असं म्हटलं. तो म्हणाला, "नाही. आमची घरवाली त्या गावात पाय नाही ठेवत आता." दोन्ही पोरी बऱ्या आहेत, हे मी विचारून घेतलं. मोठीचं लग्न ठरलं होतं, ते त्या बोभाट्यात मोडलं.

काल देवळासमोर लोक बसले होते, गुरुजी होते, दुधराम होता, बाबाही होते. मी उभा राहून सांगितलं. जे वर लिहिलं तेवढंच, जास्त काही नाही. दुधराम उठून निघून गेला. बाबा इतकंच म्हणाले, "गाडी म्या थांबवली होती. तू येऊन राहिला म्हणून." तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. आज माझं ताट आईने परसात वाढलं. ठीक आहे.

तू परत यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. मी तिकडे येणार नाही. सुकरामला हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव, तुझा भाऊ आहे, त्याला हक्क आहे. तुझं लुगडं आणि पितळेची भांडी पेटीत भरून ठेवली आहेत, कोणी तिकडे जाणारं भेटलं की धाडतो. रुख्माचा लाल झगा मात्र आई देत नाही.

एकच मागणं आहे. उत्तर लिहायचं झालं तर मला लिहू नकोस. बकारामला लिही. त्याला वाचता येत नाही, गिरणीचा मुन्शी वाचून दाखवील, मी त्याला सांगून आलो आहे. काय लिहायचं ते तुझं तू जाण. पत्ता मागच्या बाजूला स्पष्ट अक्षरात दिला आहे.

रुख्माचा बाप,
चैतराम