बावखल गप्प का?

निर्मळ
१७ ऑगस्ट २००३, रविवार

आजचीही टेप फुकट. तिन्हीसांजेला बावखलाच्या, आमच्या वाडीतल्या तळ्याच्या, काठी माइक लावला आणि शेजारच्या वाडीतली मोटर सुरू झाली. ती थांबते तोच चर्चची घंटा. घंटेवर रागावता येत नाही, म्हणून मोटरवर दुप्पट रागावलो. मग टँकर. मधूनमधून बेडूक, तेवढेच.

नवऱ्याचा पारा बघून लूसी म्हणाली, "शाळेत पोरांवर ओरडून भागत नाही, आता मोटरवर?"

दर पावसाळ्यात त्याच जागी, त्याच वेळी टेप करतो. नुसतं ऐकलं तरी तळ्यात कोण राहतंय ते कळतं, पाण्यात उतरावं लागत नाही. हे पास्कलदादाला कसं पटवायचं? तळं आम्हा दोघा भावांचं, सामाईक. त्याला ते बुजवून ग्लेनला, त्याच्या मुलाला, घर बांधून द्यायचंय. तो बावखल म्हणतच नाही. "डासांचं डबकं."

२२ ऑगस्ट, शुक्र.

आज शांतता मिळाली. घरी येऊन टेप ऐकली. बेडूक आहेत. पाणकोंबडी आहे. पण रातकिड्यांचा तो बारीक सूर, सगळ्याच्या मागे तंबोऱ्यासारखा धरलेला असायचा तो... नाही. पुन्हा ऐकली. नाहीच.

वाड्यांत फवारणी वाढलीय, तिचंच हे. किडे गेले की बेडूक जाणार, मग पाणकोंबडी, मग...

२४ ऑगस्ट, रवि.

चर्चमधली मिस्सा झाल्यावर दादाकडे गेलो. सगळं सांगितलं. किडे संपले, बावखल मरतंय, निदान आता तरी वाचवू या.

दादा चहा ढवळत होता. "मरतंय म्हणतोस ना? मग बुजवायला हरकत काय?"

वहिनी हसली. घरी येईपर्यंत उत्तरं भरपूर सुचली. दिवाळीनंतर मातीचे ट्रक येणार म्हणे.

३१ ऑगस्ट

दादाला फरक ऐकवायचा म्हणून जुन्या कॅसेटी काढल्या. रातकिड्यांनी कान किटायचे त्या वर्षीची लावली. बेडूक ठणठणीत. किडे नाहीत.

टेपवरून आवाज उडतो का? तोही एकच? रेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं. दुसरी कॅसेट लावली. तेच. रेकॉर्डर आपटावासा वाटला. आपटला नाही, महाग आहे.

६ सप्टेंबर, शनि.

रेकॉर्डर घेऊन तुळिंजला, दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं गाणी लावून दाखवली. "मशीन एकदम ओके आहे सर." मी उगाच वाद घातला. गर्दीत घाम, रिक्षात घाम. रेकॉर्डर मांडीवर घेऊन परत.

७ सप्टेंबर

लूसी भाजी निवडत होती. मी तीच जुनी कॅसेट पुढेमागे करत बसलेलो.

"बंद करा ना ते किडे. डोकं उठलं माझं."

"कुठले किडे?"

तिनं रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. मग मी यंदाची टेप लावली. विचारायची भीती वाटत होती. तिनंच सांगितलं, "यातही आहेत की. तसेच."

जेवलो नाही. ती म्हणाली, तळं जिवंत आहे, याचा आनंद नाही का? आहे. असायला हवा.

१३ सप्टेंबर

कानाचे डॉक्टर. वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, वयानं होतं. "बोललेलं ऐकू येतं ना? मग काही अडत नाही."

अडत नाही.

१४ सप्टेंबर

शिंजीर पक्षीही गेला म्हणून मी मागेच ठरवून टाकलं होतं. सकाळी लूसीला कुंपणाशी उभं केलं. "जास्वंदीवर बसलाय समोर. केव्हाचा चिवचिवतोय." दिसला मला. चोच उघडत होता, मिटत होता.

आता कुठली शांतता तळ्याची आणि कुठली माझी? फवारणीला शिव्या घातल्या त्या परत घ्यायच्या का? घेणार नाही. फवारणी वाईटच.

२० सप्टेंबर, शनि.

दादाला खरं ते सांगितलं. जड गेलं.

"म्हणजे तळं बरं आहे, तू आजारी."

"हो."

"महिन्याभरापूर्वी मरतंय म्हणालास. आता जिवंत आहे म्हणतोस, आणि तेही लूसीच्या कानांनी. तुझं काय म्हणून ऐकायचं मी?"

"माझं नको ऐकूस. तू स्वतः येऊन ऐक."

"मला धंदे नाहीत का?"

यानंतर दोघंही चढ्या आवाजात. ग्लेन बाहेर निघून गेला. बिचाऱ्याला घर हवंय, यात त्याची चूक काय.

२८ सप्टेंबर, रवि.

दादा आला. बोलावलं नव्हतं. पायजमा दुमडून काठावरच्या नारळाच्या ओंडक्यावर बसला. लूसी शेजारी, मी रेकॉर्डरपाशी. मोटर आज बंद होती.

बराच वेळ तो मान कलती करून बसला. मग बोट वर केलं. "हा?" लूसीनं मान डोलावली. "आणि हा दुसरा, थांबून थांबून?" तो तिला ओळखू येईना. मग दोघं त्यावरच बोलत बसले, किडा की बेडकाचं पिल्लू. मी रेकॉर्डरवरचा आवाजाचा काटा बघत होतो. बेडूक गप्प असतानाही तो थरथरत होता.

उठताना दादानं पायजमा झटकला. "ट्रकवाल्याला सांगून ठेवलंय मी," म्हणाला. चालू लागला, आणि पाठमोराच आणखी काहीतरी बोलला.

"काय म्हणालास?"

तोवर तो केळींच्या आड गेला होता. लूसीला विचारलं. तिलाही नीट ऐकू आलं नाही म्हणते. ट्रकवाल्याला ये म्हणून सांगितलंय की नको म्हणून, ते त्यातच राहिलं.